गव्हाणीतली खूण : नाताळ म्हणजे नेमकं काय?

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या लोकांच्या) नाताळच्या देखाव्यासाठी खरीखुरी गव्हाण हवी होती. शेजारच्या आबाजींच्या कोठ्यात (गोठ्याला आमच्याकडे कोठाच म्हणतात) सागाच्या फळ्यांची एक जुनी गव्हाण पडून होती. बैलजोडी विकल्यापासून तिच्यात कुणी कुटार टाकलं नव्हतं. मी मागायला गेलो. आबाजींनी ती ओढून बाहेर काढली, धूळ झटकली आणि म्हणाले, "नेता तं न्या गुर्जी, पन एक सांगा. नातू म्हन्ते, पंचवीस तारखेले त्या लाल टोपीवाल्या बुढ्याचा वाढदिवस असते. तुमी म्हन्ता येशूचा. आन् मोबाइलवर आलं का ते तारीखच खोटी हाय. मंग तुमचा नाताळ हाय तरी कायचा?"

त्या दिवशी कोठ्याच्या उंबरठ्यावर बसून मी त्यांना काहीबाही सांगितलं. नीट सांगता आलं नाही, हे मला घरी येताना कळत होतं. डिसेंबर लागला की तालुक्याच्या बाजारात लाल टोप्या लटकतात, शाळांत पोरांना कापसाच्या दाढ्या लावतात, आणि मोबाइलवर तेच ते मेसेज फिरू लागतात. प्रश्न आबाजींचा एकट्याचा नाही. म्हणून बैजवार लिहितो.

आधी दोन-चार शब्द

'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा. येशू हे हिब्रू नावाचं रूप आहे, त्याचा अर्थ 'देव तारतो'. 'ख्रिस्त' हे त्याचं आडनाव नव्हे, ती पदवी आहे. जुन्या यहुदी लोकांत राजा किंवा याजक (पुरोहित) नेमताना त्याच्या डोक्यावर तेल ओतत. असा तेलाने अभिषेक झालेला तो मसीहा, आणि त्याचंच ग्रीक भाषांतर ख्रिस्त. असा एक अभिषिक्त येईल आणि आपल्याला सोडवील, याची ते लोक कित्येक पिढ्या वाट पाहत होते.

एक शब्द मात्र जड आहे आणि त्याला पर्याय नाही : देहधारण. देवाने माणसाचा देह घेतला, एवढा त्याचा अर्थ. येशूचं जीवन सांगणारी चार पुस्तकं बायबलमध्ये आहेत, त्यांना शुभवर्तमान म्हणतात. त्यातल्या योहानाच्या पुस्तकात एक ओळ आहे : 'शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.' शब्द म्हणजे इथे देवाचं स्वतःचं बोलणं, त्याचं मन. आणि 'वस्ती केली' याला मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे त्याचा अर्थ होतो तंबू ठोकला. आपल्या बोलीत, पाल टाकलं. शेतं मोकळी झाली की मेंढरं घेऊन आलेली माणसं गावाबाहेर पाल टाकतात. काठ्यांवर ताडपत्री, तीन दगडांची चूल, खाली अंथरलेलं गोणपाट. आपल्याला घरात जी थंडी वाजते ती त्यांना दुप्पट वाजते. योहान देवाबद्दल हे सांगतो आहे.

गोष्ट जेवढी लिहिली आहे तेवढी

जन्माची गोष्ट चारपैकी दोनच पुस्तकांत आहे, मत्तय आणि लूक यांच्या. मार्क थेट मोठ्या झालेल्या येशूपासून सुरुवात करतो.

लूक सांगतो की रोमचा सम्राट औगुस्त याने नावनोंदणीचा हुकूम काढला. त्यासाठी योसेफ आणि त्याची वाग्दत्त मरीया नासरेथहून शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या बेथलेहेमला गेले. मरीयेचे दिवस भरलेले होते. तिथे तिला मुलगा झाला. तिने त्याला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण त्यांना जागा नव्हती. त्याच रात्री रानात कळप राखत बसलेल्या मेंढपाळांना देवदूताने बातमी दिली. मत्तय वेगळा भाग सांगतो. ताऱ्याचा माग काढत पूर्वेकडून ज्ञानी लोक आले, त्यांनी बाळापुढे सोनं, ऊद आणि गंधरस ठेवला. हेरोद राजा बिथरला, त्याने बेथलेहेमातली दोन वर्षांची आणि त्याखालची मुलं मारायला लावली, आणि हे कुटुंब रातोरात मिसर देशात (इजिप्तमध्ये) पळालं. परमुलखात, ओळखपाळख नसताना.

आता काय लिहिलेलं नाही तेही पाहा. बर्फ नाही. गाढवावरचा प्रवास नाही. ज्ञानी लोक तीन होते असं कुठे म्हटलेलं नाही, भेटी तीन होत्या. बैल आणि गाढवही त्या दोन्ही पुस्तकांत नाहीत. ते आले यशया या जुन्या संदेष्ट्याच्या एका ओळीवरून : बैल आपला धनी ओळखतो, गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखतं, पण माझे लोक मला ओळखत नाहीत. पोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्या आपल्या मुलखात ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

'जागा नव्हती' यावरून आपण समजतो की सराईवाल्याने दार लावून घेतलं. लूकने तिथे वापरलेला ग्रीक शब्द पाहुण्यांच्या खोलीलाही चालतो. पुढे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या खोलीसाठी त्याने तोच शब्द वापरला आहे, आणि खऱ्या सराईसाठी दुसऱ्या एका गोष्टीत वेगळा. त्या देशातल्या साध्या घरांत रात्री जनावरं घरातच, खालच्या अंगाला बांधत आणि माणसं वरच्या ओट्यावर झोपत. म्हणजे बेथलेहेमात पाहुण्यांची खोली भरलेली होती म्हणून बाळ-बाळंतिणीची सोय जनावरांच्या बाजूला झाली, असंही असेल. माझी आजी सांगायची, तिच्या माहेरी पावसाळ्यात गाय आणि वासरू घरातच असायचं आणि पोरं त्यांच्या उबेला झोपायची. मला हाच अर्थ खरा वाटतो. तिथे कुणी दुष्टपणा केला नाही, गर्दी होती, आणि गर्दीत गरिबाच्या वाट्याला जी जागा येते ती आली.

मग कुमारीला मूल कसं झालं? मत्तय आणि लूक दोघेही म्हणतात की हे देवाच्या सामर्थ्याने झालं, माणसाच्या संबंधाने नव्हे. ख्रिस्ती माणूस हे विश्वासाने मानतो. त्यामागचं म्हणणं असं की या जन्माची सुरुवात देवाकडून झाली, माणसाने कमावून आणलेली ही गोष्ट नाही. एवढं मात्र लक्षात घ्या, गावात लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरीचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. योसेफाने आधी तिला गुपचूप सोडायचं ठरवलं होतं, हे मत्तयाने झाकून ठेवलेलं नाही. देव आला तो अशा घरात, जिथे शेजारीपाजारी कुजबुजत असणार.

खूण म्हणून गव्हाणच का?

आबाजींची गव्हाण मी घरी आणली आणि आम्ही नवरा-बायकोने ती धुवायला घेतली. दोन्ही कडा मधोमध खोलगट झाल्या होत्या. वर्षानुवर्षं बैलांच्या माना त्यावरून घासून लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालेलं. फटींमध्ये ढेपीचे काळे कण बसलेले, ते हिराच्या काडीने काढावे लागले. तीन पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली, तरी ढेपेचा आणि बैलाच्या लाळेचा वास गेला नाही. आत तणस अंथरली. नंतर मंडळीतल्या एका लेकुरवाळ्या बाईला विचारलं, तुझं तीन महिन्यांचं बाळ पाच मिनिटं यात ठेवशील का, देखावा खरा वाटेल. तिने वाकून आत पाहिलं, हाताने तणस दाबून पाहिली, आणि बाळ छातीशी घट्ट धरून म्हणाली, "नाही गुर्जी, मी नाही ठेवत त्याच्यात. काही चावलं म्हंजे?"

मी तीस वर्षं नाताळची प्रवचनं ऐकली आहेत. गव्हाणीचा अर्थ मला त्या वाक्याने कळला. आई जिथे आपलं लेकरू ठेवणार नाही, तिथे मरीयेला ठेवावं लागलं.

देवदूत मेंढपाळांना म्हणतो, तारणारा जन्मला आहे, आणि तुम्हाला खूण ही : बाळंत्यात गुंडाळलेलं आणि गव्हाणीत निजवलेलं बालक तुम्हाला सापडेल. खूण म्हणजे ज्यावरून ओळख पटते ती गोष्ट. राजवाडा सांगितला असता तर मेंढपाळ गेलेच नसते, त्यांना वेशीवरूनच हाकललं असतं. गव्हाण सांगितल्यावर त्यांना रस्ता विचारावा लागला नाही. कुणाच्याही कोठ्यात ते बेधडक शिरू शकत होते.

आणि ही बातमी आधी कुणाला मिळाली ते पाहा. आपल्याकडे डिसेंबरात रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या (नीलगाईंच्या) भीतीने लोक हरभऱ्याच्या, तुरीच्या वावरात जागलीला जातात. मचाणावर बसून रात्रभर डबे वाजवतात, हाकारे घालतात. ते मेंढपाळ म्हणजे असेच जागलीवाले. याजक झोपले होते, राजा झोपला होता, जागे होते ते हे.

बेथलेहेम या गावाच्या नावाचा हिब्रूत अर्थ भाकरीचं घर. भाकरीच्या घरी जन्मलेलं बाळ चारा टाकायच्या जागी ठेवलं. तोच पुढे मोठा होऊन म्हणाला, मी जीवनाची भाकर आहे. हे कुणी जुळवून लिहिलं की आपसूक जुळलं, मला ठाऊक नाही, पण मी जेव्हा जेव्हा हे वाचतो तेव्हा थांबतो.

गव्हाणीचा देखावा करायची चाल इटलीत असिसीच्या संत फ्रान्सिसमुळे पसरली. १२२३ साली ग्रेच्चो नावाच्या खेड्यात त्याने खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळची रात्र साजरी केली, लोकांना तो गरीब जन्म डोळ्यांनी दिसावा म्हणून.

मालक सालदार झाला

आता अवघड भाग. ख्रिस्ती लोक येशूला मोठा संत म्हणून थांबत नाहीत, ते त्याला देव म्हणतात आणि माणूसही म्हणतात. हे डोक्यात बसवायला जुन्या मंडळीलाही शेकडो वर्षं लागली. वाद झाले, कडाक्याचे झाले.

काही जण म्हणाले, देव माणूस झाला नाही, माणसासारखा दिसला. आपल्या गावात बहुरूपी येतो. सकाळी पोलीस, दुपारी शंकर. संध्याकाळी रंग धुतला की तो घरचा माणूस. त्याला शंकराच्या गळ्यातला साप कधी चावत नाही. तसा देव माणसाचं सोंग घेऊन आला, असं त्यांचं म्हणणं. मंडळीने ते नाकारलं. येशूला भूक लागली, तो दमून विहिरीच्या काठावर बसला, मित्र मेला तेव्हा रडला. सोंग घेतलेला माणूस असा रडत नाही.

दुसरीकडे आरियस नावाचा एक विद्वान म्हणाला, पुत्र मोठा आहे, सगळ्यात मोठा आहे, पण तो देवाने निर्माण केलेला आहे. पूर्व विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांना मालगुजारी आठवते. मालगुजार स्वतः गावात क्वचित यायचा, त्याचा दिवाणजी यायचा. दिवाणजीचा मान मोठा, पण तो मालक नव्हे. आरियसचा ख्रिस्त हा असा दिवाणजी. ३२५ साली आजच्या तुर्कस्तानातल्या निकिया गावात बिशपांची सभा बसली आणि तिने ठरवलं, नाही, जो आला तो पित्याच्याच तत्त्वाचा आहे. तिथे तयार झालेला मतांगिकार (विश्वासाची कबुली) पुढे थोडा वाढवला गेला, आणि तो आजही जगभरच्या चर्चमध्ये म्हणतात. २०२५ साली त्याला १७०० वर्षं झाली. 'पुत्र' या शब्दाने गोंधळ होतो, म्हणून त्यांनी 'प्रकाशापासून प्रकाश' असंही म्हटलं. आपण दिव्यावर दिवा लावतो. दुसरी ज्योत पहिलीतूनच येते, पहिली त्याने कमी होत नाही, आणि दोन्हींचा उजेड एकच असतो. देवाला बायको होती आणि मग मुलगा झाला, असा त्याचा अर्थ कुणीही ख्रिस्ती माणूस करत नाही. पुढे ४५१ साली खल्केदोनच्या सभेने दोन्ही बाजू एकत्र बांधल्या : खराखुरा देव आणि खराखुरा माणूस, एकच व्यक्ती.

पहिल्या पिढीतला प्रेषित पौल, त्याने हे याहून किती तरी आधी एका पत्रात लिहून ठेवलं होतं. ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीचं असणं धरून ठेवलं नाही, स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. मी हे माझ्या मंडळीत असं सांगतो. पाडव्याला सालदार ठरतो. वर्षभर पहाटे उठणं, शेण काढणं, ओलित करणं, मालकाची बोलणी खाणं, सगळं त्याच्याकडे. समजा मालकानेच एक दिवस सालदाराचं काम घेतलं. गंमत म्हणून दोन दिवस नाही, खराखुरा साल धरला, त्याच कोठ्यात झोपला, त्याच भाकरीवर राहिला, रात्रपाळीच्या लाइनीवर मोटर सुरू करायला थंडीत गेला, आणि गावातल्या एकालाही तो मालक आहे हे ओळखता आलं नाही.

उपमा इथे तुटते, तेही सांगायला हवं. सालदाराचा साल संपतो. ख्रिस्ती विश्वास म्हणतो की येशूने घेतलेला देह परत ठेवून दिला नाही. मेल्यावर तो त्याच देहाने उठला, हातांवरच्या खिळ्यांच्या खुणांसकट, आणि तसाच देवाजवळ आहे. म्हणजे देवाच्या घरात आता कायमचा एक माणूस आहे. नाताळचा अर्थ विचारणाऱ्याला मी हे वाक्य आधी सांगतो, कारण बहुतेक ख्रिस्ती लोकांनाही ते ठाऊक नसतं.

मग हा अवतारच ना?

आबाजींनी हा प्रश्न लगेच विचारला होता, आणि तो योग्य होता. विदर्भात देव माणसांत वावरतो ही कल्पना परकी नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं पवित्र स्थान. परमेश्वर मनुष्यरूपात येतो हे तिथले लोक आठशे वर्षं सांगत आले आहेत. जनाबाईच्या जात्याला हात लावणारा विठ्ठल आपल्या सगळ्यांच्या ओव्यांत आहे. देव जवळ यावा ही तहान सारखीच आहे, आणि शेजाऱ्याच्या तहानेचा मला आदरच आहे.

फरक दोन ठिकाणी आहे. गीतेत भगवान म्हणतात की धर्माला ग्लानी येते तेव्हा तेव्हा मी येतो, सज्जनांच्या रक्षणासाठी आणि दुष्टांच्या नाशासाठी. ख्रिस्ती विश्वास म्हणतो, देव एकदाच आला, आणि ते एकदाच येणं सगळ्या काळासाठी पुरेसं आहे. दुसरा फरक मला जास्त मोठा वाटतो. येशू म्हणाला, मी नीतिमानांना बोलवायला आलो नाही, पाप्यांना बोलवायला आलो आहे. जकातदार, बदनाम बाया, वाट चुकलेले लोक, यांच्या पंगतीला तो बसला. दुष्टाचा नाश करायला येणारा देव मला भीतीचा वाटतो, कारण माझ्या मनात काय काय आहे ते मला ठाऊक आहे.

'पण हा गोऱ्यांचा सण' असंही कुणी म्हणतं. बेथलेहेम आशिया खंडात आहे, आणि येशूने आयुष्यात इंग्रजीचं अक्षर ऐकलं नाही. मराठी कवी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे निघाले असताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल वाचायला सुचवलं, ही खरी गोष्ट. पण १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही ते म्हणत की मी ख्रिस्ताच्या पायाशी आलो तो तुकोबांच्या पुलावरून. आमच्या मंडळीत आजही त्यांची भजनं टाळ-ढोलकावर म्हणतात.

तारीखच खरी नाही, तर सण कशाचा?

मोबाइलवरचा मेसेज इथे अर्धा बरोबर आहे. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख नाही. पहिल्या मंडळ्या जन्मदिवस पाळतच नव्हत्या, त्यांचा सण पुनरुत्थानाचा, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठल्याचा. २५ डिसेंबरला नाताळ झाल्याची जुनी नोंद रोममधली, ३३६ सालची. हीच तारीख का, याची दोन कारणं अभ्यासक सांगतात. एक, रोमन लोक त्याच सुमारास सूर्याचा सण पाळत, दिवस मोठा व्हायला लागतो तेव्हा, आणि ख्रिस्ती लोकांनी तो दिवस ख्रिस्ताला दिला. दुसरं, मरीयेला गर्भ राहिला तो दिवस २५ मार्च धरला जात होता, त्यात नऊ महिने मिळवले. रशियासारख्या देशांत चर्च जुनं पंचांग पाळतं म्हणून तिथे नाताळ ७ जानेवारीला पडतो. सालाचाही घोळ आहे. हेरोद राजा बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सनापूर्वी ४ मध्ये मेला, म्हणजे येशू त्याच्या आधी जन्मला असणार. इसवी सन मोजायची पद्धत सहाव्या शतकात एका साधूने बसवली, तिथे त्याची मोजणी चुकली.

याने विश्वासाला धक्का बसतो का? मी शिक्षक होतो, जुनी दाखलखारिज वही माझ्या हाताखालून गेली आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पानांवर निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून. मायबापाला विचारलं तर म्हणायचे, 'मोठा पूर आला होता ना, त्या साली.' मग गुरुजी १ जून लिहायचे. आबाजींच्या आधार कार्डावरही १ जूनच आहे. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हंजे मी जलमलो नाही असं तं नाही ना!"

सांताक्लॉजचं थोडक्यात सांगतो, कारण तो मूळ विषयच नाही. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचा बिशप होता, गरिबांना गुपचूप मदत करणारा म्हणून तो प्रसिद्ध झाला. त्याचा स्मरणदिन ६ डिसेंबर. डच लोकांच्या बोलीत त्याचं नाव बदललं, ते अमेरिकेत गेलं, तिथे त्याला लाल डगला आणि दाढी मिळाली, पुढे दुकानदारांनी त्याला उचललं. पोरांना टोपी घालू द्या, त्यात काही वाईट नाही. फक्त वाढदिवस कुणाचा ते त्यांना सांगा.

देव आला, मग बदललं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात कठीण जातो, आणि तो मला पुस्तकातून पडलेला नाही. आमच्या गावात एका बाईचा नवरा कर्जापायी गेला. कापूस घरात पडलेला होता, भाव नव्हता. त्या वर्षी नाताळच्या संध्याकाळी ती फराळाचं ताट परत द्यायला आमच्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "गुर्जी, तुमचा देव आला म्हन्ता ना? मंग तवा कुठं होता?"

मला उत्तर आलं नाही. माझ्या बायकोने तिला आत घेऊन चहा दिला, ती बराच वेळ बसून राहिली.

तिला तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि आजही मी तिला कारण सांगू शकत नाही. ख्रिस्ती विश्वासही दुःखाचं कारण सांगत नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. तो देव कुठे आहे तेवढं सांगतो. अतिवृष्टी झाली की साहेबलोक बांधावर येतात. काही गाडीतूनच पाहतात, काही खाली उतरतात, फोटो निघतो, पंचनामा होतो, गाडी वळते. नाताळचा देव बांधावरून वळला नाही, असं आम्ही मानतो. तो वावरात उतरला, चिखलात रुतला, आणि त्याच हंगामाला सापडला. ज्या देहाला गव्हाणीत निजवलं, त्याच देहाला तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास रोमन शिपायांनी लाकडावर खिळलं. क्रूसावर तो मोठ्याने ओरडला, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्या बाईने माझ्या दारात जे विचारलं तेच त्याने विचारलं होतं. हे मला फार उशिरा उमगलं.

ज्ञानी लोकांनी आणलेल्या भेटींतला गंधरस म्हणूनच मला चटका लावतो. तो सुगंधी डिंक त्या काळी प्रेत गुंडाळताना वापरत. बाळाच्या पुढ्यात कुणी असली वस्तू ठेवत नाही. नाताळ आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे, येशूला क्रूसावर दिलं तो दिवस) ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. आम्हा ख्रिस्ती लोकांचं म्हणणं असं की देव आपल्या मरणापर्यंत आपल्यासोबत आला, आणि तिसऱ्या दिवशी मरणाच्या पलीकडे गेला तो आपल्याला मागे सोडून नव्हे. मत्तयाने सुरुवातीलाच त्या बाळाचं दुसरं नाव सांगितलं आहे, इम्मानुएल, आम्हांबरोबर देव.

यातून रोजच्या जगण्यात काय निघतं? देवाने देह घेतला असेल तर देह हलका नाही. कुणाचाच नाही. महारोग्याला येशूने दुरून बरं केलं असतं तरी चाललं असतं, त्याने हात पुढे करून त्याला शिवलं. अचलपूरजवळच्या कोठारा इथल्या ख्रिस्ती कुष्ठरोग रुग्णालयात ज्यांच्या जखमा धुतल्या गेल्या, त्यांच्या घरची माणसं त्यांना शिवत नव्हती. पुढे येशूने आणखी एक गोष्ट सांगितली : मला भूक लागली तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, मी उघडा होतो तेव्हा मला वस्त्र दिलं. लोक विचारतात, कधी? तो म्हणतो, त्या सगळ्यात लहानग्याला दिलं तेव्हा.

हे वाचलं की मला गाडगेबाबा आठवतात. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. आमच्या गावात त्यांच्या पुण्यतिथीला शाळेची पोरं खराटे घेऊन रस्ते झाडतात, 'भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी' हे फळ्यावर लिहितात, आणि पाचच दिवसांनी त्याच झाडलेल्या रस्त्यावरून आमची गाणी म्हणत फेरी निघते. बाबा ख्रिस्ती नव्हते, त्यांना ओढूनताणून तसं म्हणणं चूक होईल. पण गव्हाणीतल्या बाळाचा अर्थ मी मंडळीतल्या पोरांना सांगतो तेव्हा उदाहरण त्यांचं देतो, कारण पोरांना ते लगेच कळतं.

त्या वर्षीची फेरी

गव्हाण चर्चमध्ये ठेवली. बाळाऐवजी आत बाहुली ठेवली. उपासना सुरू झाली तशी ती लेकुरवाळी बाई पुढे येऊन गव्हाणीला टेकून बसली, बाळ मांडीवर, आणि अधूनमधून तणस नीट करत राहिली.

रात्री बारानंतर आम्ही फेरीला निघालो. एरवी आधी घरोघरी जातो. त्या वर्षी मी म्हटलं, आधी शेतात जाऊ, बातमी पहिली जागलीवाल्यांना मिळाली होती. ढोलक, टाळ, दोन बॅटऱ्या, आठ-दहा जण. धुक्यात तुरीचं वावर ओलंचिंब झालं होतं, पाटाचं पाणी गुडघ्यापर्यंत उडत होतं. आबाजी शेकोटीजवळ घोंगडं पांघरून बसले होते, विस्तवात तुरीच्या शेंगा भाजत घातलेल्या. आम्हाला पाहून उठले, सगळ्यांना जागा करून दिली. दोन गाणी झाली. त्यांनी शेंगा वाटल्या, हात चोळले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता ते म्हना गुर्जी, माह्या गव्हानीवालं."